गोरखचिंचेला सांगितलेलं नाव

जयवंता माळीण झाडाचं औषध आणायला निघायची ती आदल्या संध्याकाळीच झाडाला आवतन देऊन. लग्नाकार्याला घरोघर जाऊन बोलावणं करतात, तसंच हे बोलावणं. बुंध्याशी हळदकुंकू वाहायचं, चिमूटभर तांदूळ ठेवायचे आणि आजाऱ्याचं नाव स्पष्ट उच्चारून सांगायचं, उद्या याच्यासाठी न्यायला येते. सकाळी जायचं ते कुणाशी न बोलता, आणि आपली सावली खोडावर पडू न देता.

झाड गोरखचिंचेचं होतं. अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या गाडीवाटेलगत, पेढी नदीच्या काठी, खुशालराव पाटलांच्या वावरात ते एकटंच उभं असे. चार माणसांनी हात जोडून धरले तरी कवेत न येणारं राखी रंगाचं खोड, आणि वर जराशाच फांद्या. एलिचपूरच्या नवाबाच्या फौजेतल्या कुण्या हबशानं आपल्या मुलखातून बी आणून लावलं, असं गावात म्हणत. म्हणूनच जयवंताची सासू तिला सांगून गेली होती की हे परक्या मुलखातलं झाड आहे, याला नाव नीट सांगावं लागतं, आणि एकदा ऐकलेलं नाव ते विसरत नाही.

सासूनं आणखी एक सांगितलं होतं. ज्याच्या नावानं औषध आणलं, ते त्याच्याच पोटात गेलं पाहिजे. दुसऱ्याला दिलं, तर झाड आपलं दिलेलं शोधत राहतं आणि तिन्हीसांजेला त्या नावानं हाक मारतं. जो ओ देतो, तो त्या हाकेमागे जातो.

जयवंताला मूलबाळ नव्हतं. नवरा पटकीच्या साथीत गेल्यापासून ती पाटलांच्या घरामागच्या आपल्या लहानशा मळ्यात वांगी, मेथी, कांद्याची पात काढायची आणि गावात कुणाला आव लागली, ताप हटेना, की गोरखचिंचेकडे जायची. आवेला फळातला पांढरा आंबट गर पाण्यात कालवून द्यायचा, तापाला सालीचा काढा. पावसाळ्यात कोवळ्या पानांची भाजी. विहिरीजवळ तिनं बी उकळत्या पाण्यात भिजवून दोनदा रोपंही केली होती. पण या झाडाच्या रोपाची पानं मोठ्या झाडासारखी पंजासारखी नसतात, साधी एकेरी असतात. निंदणाऱ्या बायांनी दोन्ही वेळा ती गवत समजून उपटून टाकली.

त्या वर्षांत सगळा मुलूख कापसामागे लागला होता. सातासमुद्रापार कुठंतरी लढाई सुरू होती, म्हणे, आणि त्यामुळे वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. लोकांनी ज्वारी कमी केली, बांधावरची तूर काढली. अंबाडी तर कुणी पेरलीच नाही. आणि मग कापूस घरात येऊन पडल्यावर गावाच्या लक्षात आलं, की बोजे बांधायला दोर नाहीत. दोर अंबाडीचेच व्हायचे.

खुशालरावांचा सालदार सूर्यभान म्हणाला, "पाटील, गोरखचिंचीच्या सालीचा दोर हत्तीले बी तुटत नाई."

जयवंताच्या कानावर आलं तशी ती पाटलांच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"पाटील, साल काढा, पन एका अंगानं काढा. आन् आदल्या दिवशी आवतन द्या."

"कोनाच्या नावानं देऊ? कापसाच्या?" खुशालराव हसले. "माह्यं वावर, माह्यं झाड. तू आपली मेथी पाहा."

दुसऱ्या दिवशी सूर्यभाननं आणि चार गड्यांनी खोडाची साल, हात पोचेल तिथवर चहूबाजूंनी सोलून काढली. आतलं लाकूड ओलं होतं, तांबूस, सोललेल्या जनावरासारखं. फळंही त्यांनी काठ्यांनी झोडपून पाडली आणि खाल्ली. उंचावरची तेवढी राहिली.

सगळ्यांना वाटलं झाड वाळणार. झाड वाळलं नाही. जखमेवर हळूहळू नवी साल धरू लागली, भाजल्या जागी येते तशी गुळगुळीत, चमकणारी. पण सूर्यभान त्यानंतर त्या वाटेनं जाईना. विचारलं तर एवढंच म्हणायचा, "ते पाहून राहिलं हाय."

चैत्रात पाटलांच्या लेकीला आव लागली. वच्छला तिचं नाव, चार-पाच वर्षांची. आधी दोन मुलगे गेलेले, त्यावर ही एकच वाचलेली. अमरावतीहून वैद्य आणला, त्याच्या पुड्या पोटात ठरेनात. मूल कापसाच्या पेळूसारखं पांढरं पडलं. दुर्गाबाई, तिची आई, डोक्यावरचा पदर न सावरता मळ्यात आली.

"जयवंता, तू म्हनशीन तं मी पाया पडतो झाडाच्या. पन आन काई तरी."

जयवंता त्या संध्याकाळी हळदकुंकू घेऊन गेली. झाडासमोर उभी राहिली. या खोडाला खुशालराव पाटलाच्या लेकीसाठी दे म्हणून कसं सांगायचं? त्या घरानं न विचारता त्याचं अंग सोललं होतं. ते नाव घेतलं आणि झाडानं ते धरून ठेवलं, तर? वर वटवाघळं फांद्यांना लागली होती. खाली पडलेली मोठी पांढरी फुलं तपकिरी होऊन कुजली होती, त्यांचा वास तिच्या डोक्यात चढत होता.

शेवटी ती म्हणाली, "जयवंतासाठी नेतो."

तिनं विचार केला होता. हाक आली तर आपल्याला येईल. मागं रडणारं कुणी नाही.

सकाळी सूर्यभानच्या बायकोचा भाऊ वर चढला आणि त्यानं दोन फळं उतरवली. जयवंतानं मखमली कवची फोडून गर काढला, पाण्यात कुस्करला, गाळला, थोडा गूळ घातला. आणि वाटी मुलीच्या ओठाशी नेताना तिला आणखी एक भीती वाटली. औषध जयवंताच्या नावानं आणलं आणि गेलं वच्छलाच्या पोटात, हे झाडाला कळलं तर? म्हणून ती वाकून मुलीच्या कानाशी म्हणाली, "घे, जयवंता. पी, माय जयवंता."

प्रत्येक घोटाला तिनं तसंच म्हटलं. दुर्गाबाईला वाटलं, बाई थकली आहे, आपल्याशीच बोलते आहे. तिनं विचारलं नाही. रोज, सकाळ-संध्याकाळ, मुलगी डोळे मिटून घोट घेत राहिली आणि ते नाव ऐकत राहिली. मग रक्त थांबलं. मग तिनं भाकरीचा पापुद्रा मागितला.

बरं झालेल्यानं झाडाशी जाऊन दहीभात ठेवायचा आणि आपलं नाव सांगायचं, म्हणजे आवतन सुटतं, अशी रीत होती. दुर्गाबाईनं दही लावलं. जयवंता म्हणाली, आज अमावस आहे. मग म्हणाली, पोरीला अजून ऊन सोसायचं नाही. मग म्हणाली, मीच ठेवून येते.

"तू कावून?" दुर्गाबाई म्हणाली. "बरी माही पोट्टी झाली, आन् भात तू ठेवशीन? आमच्या हातचं चालत नाई काय तुह्या झाडाले?"

जयवंताला खरं सांगता येईना. मुलीनं झाडापुढं वच्छला म्हटलं, की औषध दुसऱ्याच पोटात गेल्याचं झाडाला कळणार होतं; आणि हे बोलून दाखवलं तरी हाक मुलीच्याच नावावर जाईल, असं तिला वाटलं. दुर्गाबाई रागावून घरी गेली.

एका सकाळी दुर्गाबाई मुलीला कडेवर घेऊन वावरात गेली. जयवंताला मळ्यातून त्या जाताना दिसल्या. ती मोट तशीच सोडून ढेकळांतून पळत निघाली. पोचली तेव्हा दहीभात ठेवून झाला होता आणि दुर्गाबाई मुलीला खोडासमोर उभं करून सांगत होती, "सांग, बाई. नाव सांग आपलं."

मुलीनं त्या गुळगुळीत नव्या सालीवर हात ठेवला होता.

"जयवंता," ती म्हणाली.

दुर्गाबाई हसली. "अवो, पाहा इचं. वच्छला म्हन. तुह्यं नाव काय हाय?"

"जयवंता," मुलगी पुन्हा म्हणाली, आणि तिनं मागे वळून खऱ्या जयवंताकडे बघितलं.

दुर्गाबाईनं ही गंमत घरी सांगितली. खुशालरावांना ती फार आवडली. पोरगी वच्छला म्हटल्यावर वळेना, जयवंता म्हटलं की धावत येई. मग सगळेच तिला लहानी जयवंता म्हणू लागले. जयवंतानं अंगणात जाऊन हात जोडले.

"पाटील, त्या नावानं नका बलावू पोरीले."

"कावून? तुह्या नावाले सोनं लागलं काय?" खुशालराव सुपारी कातरता कातरता म्हणाले. "तुवा जीव वाचवला, तुह्यं नाव घेतलं तिनं. खुश होय ना."

तेव्हा तिला समजलं की आपण काय करून बसलो. हाक एकटीच्या वाट्याला यावी म्हणून आपलं नाव दिलं होतं. आता ते नाव दोघींचं होतं, आणि जिच्यासाठी म्हणून नेलं त्या जयवंतानं भात ठेवला नव्हता, म्हणजे आवतनही सुटलं नव्हतं. तिन्हीसांजेला झाडानं हाक मारली आणि ओ त्या लहान गळ्यातून गेली तर?

तेव्हापासून जयवंता माळीण प्रत्येक हाकेला आधी ओ देऊ लागली. पाटलांच्या घरात दुर्गाबाई मुलीला जेवायला बोलवी, आणि मागच्या मळ्यातून आवाज येई, "ओ, आलो." सूर्यभान गोठ्यातून मुलीला वासरू पाहायला बोलवी, आणि विहिरीवरून, "ओ, आलो." मोट हाकताना, भाजी धुताना, तोंडात घास असताना. पोरं मुद्दाम कुंपणापाशी येऊन नाव घेत आणि पळून जात. बुढी खुळावली, गाव म्हणे. झाडाची बाधा झाली, बाया म्हणत. तिच्याकडे औषधाला येणारेही कमी झाले.

ती खुळावली नव्हती. एकदा कापूस वेचणीच्या दिवसांत, ऊन उतरल्यावर, मुलगी तिच्या मळ्यात वांग्याची रोपं बघत बसली होती. नदीकडून हाक आली. बाईचा आवाजही नव्हे, पुरुषाचाही नव्हे, कोरड्या शेंगेत बिया हलाव्यात तसा. जयवंताला आपलं नाव त्यात स्पष्ट ऐकू आलं. मुलीनं मान वर केली, तिचं तोंड उघडलं.

"ओ," जयवंता ओरडली, इतक्या जोरात की मुलगी रडू लागली. तिचे पाय नदीकडे वळले होते; मुलीनं रडत लुगड्याला मिठी मारली, म्हणून ती थांबली.

नंतर तिनं वेचणाऱ्या बायांना विचारलं. कुणी हाक मारली नव्हती.

लढाई संपली, कापसाचा भाव पडला. बडनेऱ्यापर्यंत आगगाडी आली. लोकांनी पुन्हा अंबाडी पेरली. झाडाच्या खोडावर सोललेल्या रेषेचा वळ तेवढा उरला. मुलीला अकोल्याकडचं स्थळ आलं, आणि जयवंताची झोप गेली. अकोल्याला तिच्याआधी ओ कोण देणार होतं?

लग्नाच्या दिवशी ती मांडवाबाहेर, बैलगाड्यांच्या जवळ उभी होती. आत गर्दीत शिरायला तिला संकोच वाटला. भटजीनं ताटात तांदूळ पसरले, नवऱ्या मुलाचा हात धरून त्यात नवरीचं नवं नाव काढलं, आणि मांडवात मोठ्यानं सांगितलं, "सुभद्रा." बायांनी ते नाव एकमेकींना सांगितलं. साखर वाटली गेली. कुणीतरी तिच्याही हातावर चिमूट ठेवली.

गाडी निघताना सासरची एक बाई म्हणाली, "सुभद्रे, पदर घे वो आत, चाकात जाईन."

"हो," म्हणून मुलीनं पदर ओढून घेतला. जयवंतानं ते आपल्या कानांनी ऐकलं. गाडी वाटेला लागेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.

मग मळ्यात परत येऊन, सकाळी राहिलेली मेथी खुडायला बसली. ऊन उतरलं. वटवाघळं निघाली. नदीकडून हाक आली, तीच, कोरडी. पाटलांच्या अंगणात मांडव सोडणारे गडी आपल्या कामात होते, त्यांनी माना वर केल्या नाहीत.

जयवंतानं हातातली जुडी बांधून पुरी केली, टोपलीत ठेवली, उठून नदीच्या वाटेकडे तोंड केलं, आणि मग ओ दिली.