बावन्न विहिरी आणि एकच मिनिट

मोटारवाइंडिंगवाल्या अकीलबद्दल मी लिहिते आहे. ते मीच लिहायला हवं, कारण त्याच्याबद्दल चारचौघांत खोटं बोलले ती मीच. जाणूनबुजून नव्हे, पण ज्याच्याबद्दल बोलले त्याला त्याने काय फरक पडतो?

बुलढाण्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. दुकान कसलं, लांबट अंधारी खोली. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तिथे येतात. अकील त्यांची जुनी तार उपसून काढतो आणि नवी भरतो. वय बेचाळीस-त्रेचाळीस. चष्म्याची एक काडी तुटलेली, ती तांब्याच्या तारेनेच बांधलेली. गिऱ्हाइकाने फारच खराब मोटार आणली तर तो तिच्यात डोकावून म्हणतो, "भाऊ, हे मोटार हाये का चिवड्याचा डबा?" आणि मग तीच मोटार दोन दिवसांत चालू करून देतो.

दुकान त्याचे वडील रहेमतुल्ला यांनी घातलं. कुठल्या मोटारीला किती वेढे, किती जाडीची तार, हे ते वह्यांमध्ये लिहून ठेवत. त्यांच्या माघारी उंदरांनी वह्या कुरतडल्या, तेव्हा अकीलने उरलेलं सगळं कॉम्प्युटरवर चढवलं. बारावीला दोनदा नापास झालेला हा माणूस मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून शिकला. प्रत्येक मोटारीचा एक फोल्डर आणि त्याच्या आत तेच चार फोल्डर. रोज तेच करून कंटाळला, म्हणून त्याने एक युक्ती बसवली. चार फोल्डरांचा एक नमुना तयार करून ठेवायचा. मग काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, पुढे नावांची यादी द्यायची आणि एंटर दाबायचं. यादीत जितकी नावं, तितके फोल्डर तयार, प्रत्येकावर आपापलं नाव.

हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावं असंही मला वाटलं नाही.

आमच्या ग्रंथालयाची एक समिती आहे. जिल्ह्यातल्या जुन्या विहिरींची नोंद करून ती ग्रंथालयात कायमची ठेवायची, हे तिचं काम. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हिंमतराव अध्यक्ष. ते माझ्या यजमानांचे मित्र, म्हणून मला वहिनी म्हणतात. मी जन्मभर इंग्रजी आणि मराठी शिकवलं, त्यामुळे आलेल्या नोंदी तपासण्याचं काम माझ्याकडे. अकीलला मोटारींमुळे गावोगावच्या विहिरी ठाऊक. त्याने आपणहून बावन्न विहिरींचं काम अंगावर घेतलं. पैसे नव्हते. नोंदीच्या पहिल्या पानावर पाहणी करणाऱ्यांची नावं छापायची ठरली होती, एवढंच. "अब्बाचं नाव पुरं टाका माह्या नावासंगं," एवढी एकच गोष्ट त्याने हिंमतरावांकडे मागितली होती.

फेब्रुवारीत त्याने पेनड्राइव्ह आणून दिला. मी मुलाने दिलेल्या लॅपटॉपवर तो उघडला. बावन्न फोल्डर होते आणि प्रत्येकात चार: वर्णन, मापं, फोटो, माणसं. मी पहिल्या विहिरीचं वर्णन उघडलं. "गावाच्या पूर्वेला. कठडा दगडी. पाणी गोड." दुसऱ्या विहिरीचं उघडलं. "गावाच्या पूर्वेला. कठडा दगडी. पाणी गोड." तिसऱ्याचं तेच. वरवट बकालची विहीर गावाच्या पूर्वेला, रोहिणखेडची पूर्वेला, सगळ्याच पूर्वेला. मग मी तारखा पाहिल्या. वर्णनाच्या बावन्नही फाइलींवर दोन जून, सकाळचे अकरा वाजून सात मिनिटं.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी कॉन्व्हेंटात शिकले. तिथे सिस्टर आम्हाला रोजनिशी लिहायला लावत. तारीख, हवा, दिवसभरात काय झालं, आणि शेवटी एक ओळ, ‘आजची चूक’. वयाच्या अकराव्या वर्षापासून आजपर्यंत माझा एक दिवस चुकलेला नाही. पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा मुलींच्या रोजनिश्या तपासायचे. महिनाभराची रोजनिशी एका बैठकीत लिहिली असेल तर मी पान उलटताच ओळखायचे. एकच शाई, अक्षराचा एकच कल, तोच तो मजकूर. या कसबाचा मला अभिमान होता. शाळेत त्याबद्दल माझं नाव होतं.

त्या बावन्न तारखा पाहिल्या आणि मला तोच जुना आनंद झाला. हो, आनंदच. मापं, फोटो, माणसं हे फोल्डर मी उघडलेच नाहीत. गरजच वाटली नाही.

बैठकीला आम्ही अकरा जण होतो आणि बारावा अकील. मी तारखा वाचून दाखवल्या. "बावन्न विहिरी एका मिनिटात पाहून झाल्या," मी म्हटलं, "अकीलमियांना पंख फुटलेले दिसतात." लोक हसले. त्या वाक्यावर हशा येईल हे मला ठाऊक होतं. म्हणून तर ते मी घरूनच ठरवून नेलं होतं.

अकील उभा राहिला. "मॅडम, थे पह्यली फाइल तं..."

"पहिली काय आणि शेवटची काय, सगळ्या सारख्याच आहेत. चाळीस वर्षं मी हेच तपासत आले आहे."

त्याने हिंमतरावांकडे पाहिलं. हिंमतराव टेबलावरचे कागद सारखे करत होते. अकीलने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि निघून गेला. त्याच्या विहिरी वगळाव्यात, त्याचं नाव पहिल्या पानावर घेऊ नये, असा ठराव झाला. त्या दिवशीच्या माझ्या रोजनिशीत नोंद आहे: "एक लबाडी उघडकीस आणली. आजची चूक: काही नाही."

हिंमतराव म्हणाले, "वहिनी, दोन-तीन विहिरी तुम्ही स्वतः पाहून या. उद्या कोणी विचारलं तर पुरावा असलेला बरा." मला ते पटलं. पुढच्या आठवड्यात मी मोताळ्याकडच्या एसटीने रोहिणखेडला गेले. पुरावा आणायला गेले होते, हे इथे लिहून ठेवते.

ती विहीर पुष्पांजली नावाच्या बाईच्या शेतात आहे. बाई पस्तिशीची, बोलकी. विहिरीला दगडी कठडा नव्हताच, विटांचा होता. मी मनात म्हटलं, सापडलं. तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्ही अकीलभाईकडल्या का?"

"तुम्ही ओळखता त्याला?"

"आता! आमच्या हिरीत तीन डाव उतरला थो. माह्या सासूबाई वरून वरडे, काऊन बा, पाणी चोरून राह्यला का? तं खालून म्हणे, आजी, मोजून राह्यलो, नेऊन नाई राह्यलो!" ती हसत सुटली. मग मला कठड्यापाशी नेऊन तिने आत बोट दाखवलं. आतल्या दगडावर पांढऱ्या रंगाचे तीन पट्टे होते, एकाखाली एक. "हे जूनचं पाणी, हे ऑक्टोबरचं, हे जानेवारीचं."

मी पट्ट्यांकडे पाहत उभी राहिले.

"सासूबाई दिवाळीनंतर गेल्या," पुष्पांजली हळू आवाजात म्हणाली. "ही हीर त्यायच्या सासऱ्यानं खंदली. थे सारं त्यायनं अकीलभाईले सांगतलं, त्यानं मोबाइलात भरून घेतलं. मले त्यायचा आवाज ऐकाचा हाये एक डाव. सांगान त्याले?"

सांगते, असं मी म्हटलं.

घरी आले आणि साडीही न बदलता लॅपटॉप उघडला. रोहिणखेड, मापं. जूनमधली तारीख, ऑक्टोबरमधली, जानेवारीतली. खोली मोजायच्या दोरीच्या गाठी, फुटांत आणि इंचांत. कठडा विटांचा, हेही त्याने तिथे लिहिलं होतं. फोटोंत ते पट्टे होते. ‘माणसं’ उघडलं तर एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "कोन्या सालची म्हनू बाप्पा..." मी वरवट बकाल उघडलं, मग पुढची, मग त्याच्या पुढची. रात्री उशिरापर्यंत बावन्नही उघडून झाल्या. प्रत्येकीत वेगवेगळ्या तारखा, वेगवेगळी माणसं, पाण्याची वेगवेगळी खोली. दोन जूनची फक्त ती पहिली फाइल होती.

मग ती पहिली फाइल तशी का? बैठकीत तो काय सांगू पाहत होता? मी रोजनिशी काढली आणि मागची पानं चाळली. अठ्ठावीस जानेवारीच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: "अकीलचा फोन. वर्णनाच्या फाइलीबद्दल, नमुना वगैरे. भेंडी चिरत होते. बरं म्हटलं."

त्याने मला सांगितलं होतं. मी बरं म्हटलं होतं. माझ्या वहीत तसं लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या दुकानात गेले. तो मोटारीवर वाकलेला होता. त्याची बायको मुबीना बाजूला बसून तारेचं वेटोळं उलगडत होती. मला पाहून तिने एक स्टूल पुढे सरकवलं.

"बसा मॅडम. स्टूल खरं हाये, तपासून घ्या पाह्यजे तं."

"मुबीना," अकील वर न पाहता म्हणाला.

"काऊन गप राहू? परवा एक गिऱ्हाईक म्हणे, का बे अकील, माह्यी मोटार न खोलताच भरून देतं का? चार लोक हसले इथं उभं राहून. याच्या अब्बाच्या दुकानात."

मी बसले नाही. रोहिणखेडला गेले होते, सगळे फोल्डर उघडले, फोनची नोंद सापडली, हे सगळं सांगितलं. पुष्पांजलीचा निरोपही दिला. सांगताना माझा आवाज शाळेत असायचा तसाच ठाम येत होता आणि मला त्याचीही लाज वाटत होती. मग विचारलं, "पण एका मिनिटात बावन्न कसे झाले, ते मला दाखवशील?"

अकीलने फडक्याने हात पुसले. कळकट कीबोर्ड पुढे ओढला. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली, तीन नावं दिली आणि एंटर दाबलं. पापणी लवायच्या आत तीन फोल्डर तयार. एकातली पहिली फाइल त्याने उघडली. "गावाच्या पूर्वेला. कठडा दगडी. पाणी गोड."

"हे नुसते डबे हायेत मॅडम. डबे घासून मांडून ठेवले म्हंजे सैपाक झाला काय?" तो म्हणाला. "वर्णन तुमच्यासाठी ठेवलं होतं. माह्यं मराठी असं, गिऱ्हाइकाशी बोलाचं. हिंमतरावसाहेब म्हणे, मॅडम लय छान लिहितात. म्हणून पह्यल्या डब्यात एक नमुना टाकला, तुमाले अंदाज यावा म्हणून. बाकी मजकूर मापात हाये, थो पाहून तुम्ही लिहान, असं म्या फोनवर सांगतलं होतं."

"अकील, मला माफ कर."

त्याने कीबोर्ड मागे सरकवला आणि म्हणाला, "इथं काऊन सांगता? इथं मी हावो अन् मुबीना हाये. आमाले तं माहीतच हाये का म्या विहिरी पाह्यल्या. जिथं बोलल्या तिथं बोला."

मी हिंमतरावांना बैठक बोलवायला सांगितली. ते म्हणाले, "वहिनी, एवढं कशाला? इतिवृत्तात दुरुस्ती टाकू, विषय संपला. लोकांना पुन्हा कशाला जमवायचं?" मला त्यांचं म्हणणं फार सोयीचं वाटलं, हे कबूल करते. एक दिवस मी तसंच करावं का, याचा विचारही केला. पण हसली होती ती माणसं, इतिवृत्त हसलं नव्हतं. चौघे जण येणार नव्हते. मी त्यांच्या घरी जाऊन त्यांना आणलं.

अकील दाराशी उभा राहिला, आत बसला नाही. धुतलेला सदरा घालून आला होता. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, भेंडीपर्यंत. मग रोहिणखेडच्या आजींचा आवाज ऐकवला. लोक माना हलवू लागले. "अहो, होतं असं", "कॉम्प्युटरचा घोटाळा" असं कोणी कोणी म्हणू लागलं. तेवढ्यावर थांबता आलं असतं.

"कॉम्प्युटरचा काही घोटाळा नाही," मी म्हटलं. "हिंमतरावांच्या पुतण्याने, ऋत्विकने, दहा विहिरी दिल्या. त्यांच्या तारखा मी पाहिल्या का? नाही. अकीलच्या पाहिल्या. त्याच्या का पाहिल्या, हे मी स्वतःला बरेच दिवस विचारते आहे. उत्तर मला ठाऊक आहे, आणि इथे बसलेल्यांनाही आहे."

एक जण खोकला. ठराव मागे घेतला, अकीलचं आणि त्याच्या वडिलांचं नाव पूर्ण छापायचं ठरलं, हात वर झाले, अकराही.

"ऐकलं," अकील दारातून म्हणाला. मग हिंमतरावांकडे वळला. "साहेब, बीबी गावाकडच्या हिरी कोणीच घेतल्या नाई, थ्या राह्यल्या. उद्या जातो. अजून त्याइले पाणी असंन."

मी घाईने म्हटलं, "मी येते तुझ्याबरोबर. दोरी धरायला कोणीतरी लागेल. लिहून घेईन."

"नाई मॅडम," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर कदाचित कमी लागलं असतं. "तुम्ही नका येऊ."

तो गेला. पुष्पांजलीला सासूचा आवाज त्यानेच नेऊन ऐकवला, हे मला नंतर कळलं.

आता मी वर्णनं लिहिते आहे. सदतीस झाली, पंधरा उरली. कुठे मापात आणि फोटोत मेळ दिसला नाही तर दुकानात फोन करते. मुबीनाने उचलला तर ती सरळ त्याच्याकडे देते. तो विचारलेल्याचं नेमकं उत्तर देतो, गाठी मोजून फूट-इंच सांगतो, आणि माझं "बरं" म्हणून व्हायच्या आत फोन ठेवतो.