साहेबांना आवडलेलं क्रियापद

माणसाला कस्पटासमान लेखायला इंग्रजीत इतकी क्रियापदं आहेत, की त्या लोकांना दुसरं काही काम होतं की नाही कोण जाणे. इग्नोअर म्हणजे ढुंकून न पाहणं, स्पर्न म्हणजे झिडकारणं, फ्लाउट म्हणजे नियम धाब्यावर बसवणं आणि डिफाय म्हणजे छाती काढून ‘जा, नाही ऐकत’ म्हणणं. मराठीतही आपण मागे नाही. आपण धुडकावतो, नाक मुरडतो, हिडीसफिडीस करतो. पण आपलं सगळं तोंडावर चालतं. समोरच्याला लगेच कळतं आणि तोही दोन शब्द ऐकवू शकतो. इंग्रजीतलं सरळ फायलीत जातं.

मला ही क्रियापदं पाठ होती आणि त्याचा माजही होता. नागपूरजवळ वाडीला एका गोदामाच्या ऑफिसात मी कारकून होते. बाहेरून बदलून आलेल्या मॅनेजरसाहेबांना सगळं इंग्रजीत लिहून लागे. हमाल उशिरा आला, मेमो. गणवेश घातला नाही, मेमो. दर मेमोत नवं क्रियापद घालायची मला हौस. त्यासाठी घरी शब्दकोश घेऊन बसायचे. मराठी शाळेतली म्हणून कॉलेजात मला हसलेल्या पोरींचा सूड मी हमालांवर उगवत होते, हे आज कळतं. तेव्हा त्याला मी हुशारी म्हणायचे.

त्या हमालांत एक काका होते. आमच्याच वस्तीतले, माझ्या बाबांच्या बरोबरीचे. घरात कमावते तेच एकटे, आणि ती नोकरी गेली तर त्या वयात दुसरीकडे कोणी उभंही करणार नव्हतं. कामाला वाघ, फक्त खर्ऱ्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला खर्रा एकदा गालात गेला की नागपूरचा माणूस बोलत नाही. तळहात वर करतो. ‘थांबा, तोंड भरलेलं आहे’ एवढाच त्याचा अर्थ, आणि इथल्या शेंबड्या पोरालाही तो कळतो.

एके दुपारी ट्रक लागला होता. साहेबांनी काकांना ओरडून सांगितलं, आधी मागच्या पेट्या उतरव. काकांच्या गालात खर्रा होता आणि गोदामात थुंकायला बंदी होती. त्यांनी तळहात वर केला, पाठ फिरवली आणि थुंकायला मागच्या नालीकडे गेले. दोन मिनिटांत परत येऊन त्यांनी पेट्या उतरवल्यादेखील. पण तोवर साहेब लालबुंद होऊन माझ्या टेबलाशी आले होते. हमालाने आपल्याला हात दाखवला, पाठ दाखवली, लिहा.

मी खिडकीतून सगळं पाहिलं होतं. साहेबांना एक वाक्य सांगितलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. मी सांगितलं नाही. भीती वाटली म्हणून नाही. कित्येक दिवस राखून ठेवलेलं डिफाय वापरायची संधी आली होती म्हणून. या माणसाने सर्वांसमक्ष, जाणूनबुजून वरिष्ठांचा हुकूम डिफाय केला, असं मी झोकात लिहिलं. खाली काकांच्या सहीसाठी ‘मला हे मान्य आहे’ अशी ओळ घातली. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, शब्द छान निवडलात. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त जेवले.

सहीला काका आले. हात पँटला पुसले आणि मला विचारलं, “काय लिहिलं वं पोरी?”

मी नजर कागदावरच ठेवून सांगितलं, काही नाही, साहेबांनी सांगितलेलं काम लगेच केलं नाही, एवढंच. ते म्हणाले, हौ, ते तं खरं आहे. सावकाश, एकेक अक्षर काढत त्यांनी सही केली.

आठ दिवसांनी त्यांना कामावरून काढलं. गुन्हा त्यांनी स्वतःच कबूल केला होता, मग चौकशी कसली करायची? मला वाटलं होतं फार तर समज देतील, असं मी नंतर सगळ्यांना सांगत फिरले. तेही खोटं. पुढे काय होईल याचा मी विचारच केला नव्हता.

रविवारी सकाळी काका आमच्या घरी आले. हातात कामावरून काढताना दिलेली त्या मेमोची प्रत होती. बारावीतल्या नातीने त्यांना शब्दन् शब्द मराठीत करून सांगितला होता. आईने खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत. ते चिडलेही नव्हते, आणि मला तेच सोसवत नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर मीही काहीतरी बोलले असते.

“लिहिलं ते लिहिलं,” ते म्हणाले. “साहेबाचं ऐकणं तुह्यं कामच होतं. पण मले सांगतानी काहून बदललं?”

मी म्हणाले, तुम्हाला वाईट वाटलं असतं.

त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

“वाईट वाटलं असतं,” ते म्हणाले, “तं मी सही नसती केली.”