शिबिरातलं डोरलं

नेत्रशिबिराचा कापडी फलक कुठे दिसला की ते प्रकरण अजून डोळ्यांपुढे उभं राहतं आणि मला स्वतःचाच राग येतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. जुन्नर तालुक्यातल्या एका बाजारपेठेच्या गावी मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

त्या गावात डॉक्टर, बी-बियाण्यांचे दुकानदार, बागायतदार अशा मंडळींचा एक सेवाभावी क्लब होता. रक्तदान, अपंगांना तीनचाकी सायकली, शाळांना वह्या असं काही ना काही वर्षभर चालायचं. त्यांच्या कार्यक्रमांत हारतुरे आणि फोटो जरा जास्तच असत, म्हणून मी त्यांची टिंगल करायचो. मोतीबिंदूचं शिबिर मात्र ते मन लावून करत. आणे पठारावरच्या म्हाताऱ्या माणसांना जीप पाठवून आणायचं, दवाखान्यात शस्त्रक्रिया करायची, शेजारच्या हायस्कूलच्या वर्गांत खाटा टाकून तीन दिवस सांभाळायचं आणि हिरवी पट्टी बांधून घरी पोचवायचं. एवढं करायला माणसं लागतात आणि ती त्यांच्याकडे होती.

शस्त्रक्रियेआधी बायकांचे दागिने उतरवून घ्यावे लागत. ते काम वारूळवाडीला राहणाऱ्या एका प्राथमिक शिक्षिकेकडे होतं. वय चाळिशीचं, पती वारलेले, एक मुलगी शिकत होती. सुट्टी टाकून त्या शिबिरात राबायच्या. प्रत्येकीच्या दागिन्यांची पुरचुंडी करायची, तिला चिकटपट्टीवर नंबर लावायचा, वहीत नोंद करून अंगठा घ्यायचा आणि पुरचुंडी पत्र्याच्या पेटीत ठेवायची, अशी पद्धत होती.

तिसऱ्या दिवशी पठारावरच्या एका म्हातारीचा मुलगा आईला न्यायला आला आणि तिथून थेट ठाण्यात आला.

"साहेब, आईचं डोरलं गेलं. पुरचुंडीत निस्त्या कानातल्या फुल्या हायेत. डोरलं घालून आली व्हती ती, सगळ्या गावानं बघितलंय."

मी वही मागवली. बाकी सगळ्या नोंदींत वस्तू लिहिलेल्या होत्या. या एकाच नोंदीत ‘बांधलेली पुरचुंडी, एक’ एवढंच होतं. म्हणजे बाईंनी गाठ सोडून पाहिलीच नव्हती. म्हातारीला विचारलं तर ती नुसती रडायला लागली. डॉक्टर धावत आले आणि डोळ्याला त्रास होईल म्हणून त्यांनी आम्हालाच बाहेर काढलं. मुलगा आईला घेऊन गावी गेला.

दुसऱ्या दिवशी क्लबच्याच एका पदाधिकाऱ्याने मला बाजूला घेऊन खबर दिली. "आमचं नाव नका घेऊ साहेब, पण बाईंनी महिन्यापूर्वी जुन्नरला सराफाकडं मंगळसूत्र मोडलंय. मुलीच्या शिक्षणाची ओढाताण आहे त्यांची." मी हवालदार पाठवला. खबर खरी निघाली. सराफाच्या म्हणण्याप्रमाणे ते मंगळसूत्र बाईंचं स्वतःचं होतं आणि त्याचं मुलीसाठी कानातलं केलं होतं. पण माझ्या डोक्यात चक्र फिरायचं ते फिरलंच. एकदा सराफाची वाट सापडलेलं माणूस दुसऱ्यांदाही जातं, असा माझा हिशेब.

त्या दुपारी बाईंना ठाण्यात बोलावलं. महिला शिपाई समोर बसवली आणि विचारपूस सुरू केली.

"गाठ सोडून का पाहिली नाही?"

"आजींना नको होतं."

"का नको होतं?"

बाई गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. बाकी सगळ्या प्रश्नांना सरळ उत्तरं देणारी बाई या एकाच प्रश्नाला खाली बघत होती. अशी जागा सापडली की पोलिसाला वाटतं, चोर सापडला. मी आवाज चढवला. उद्या सकाळी गुन्हा दाखल करणार, मग अटक, अठ्ठेचाळीस तास कोठडीत गेले की नोकरीतून निलंबन, आणि तुमच्या मुलीचं काय, हेही मी बोललो. बोलायला नको होतं.

मुलीचं नाव निघालं तशा त्या पदर आवळून ताठ बसल्या. "साहेब, आजींच्या गळ्यात पिवळा दोरा आहे, तो पाहिलात?"

"पाहिला. त्याचं काय?"

"त्यात हळकुंड आहे. सवाष्णीनं डोरलं उतरवलं की गळा मोकळा नको म्हणून बांधतात. तो कुणी बांधला, एवढंच विचारा त्यांना."

"तुम्हीच बांधला असेल."

"माझ्या हातून बांधून घेतला असता त्यांनी? मी विधवा आहे, साहेब. फुल्यांची पुरचुंडीसुद्धा त्यांनी माझ्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. डोरलं तर त्यांनी आधीच कुणाकडे तरी दिलेलं होतं."

"मग दोन दिवस तोंड का उघडलं नाहीत?"

"काय सांगू? माझा हात त्यांना चालला नाही, हे मीच ठाण्यात येऊन लिहून देऊ?"

महिला शिपाई माझ्याकडे बघेना. मी बाईंना घरी जायला सांगितलं आणि जीप काढायला लावली.

पठारावर पोचल्यावर पहिलं काम केलं ते मुलाला पंच आणायच्या निमित्ताने बाहेर पाठवण्याचं. मग महिला शिपायाने म्हातारीजवळ बसून हळूच विचारलं, "आजी, हळकुंड कुणी बांधलं?"

म्हातारीने आधी दाराकडे पाहिलं. "जावंनं. धाकल्या जावंनं. डोरलं तिच्याच गळ्यात हाये. माझ्या ल्योकाला सांगू नका बाई, त्यो जीव घीन माझा."

उलगडा असा झाला. बांधावरच्या वादातून दोन्ही घरांचं बोलणं पाच-सहा वर्षं बंद होतं. घरांनी सोडलं होतं, जावाजावांनी नव्हतं. धाकटी जाऊही शिबिराला आली होती, पण तिचा मोतीबिंदू अजून पिकला नाही म्हणून डॉक्टरांनी तिला त्याच दिवशी परत पाठवलं. शस्त्रक्रियेच्या यादीत तिचं नाव नसल्यामुळे आम्ही तिच्याकडे फिरकलोच नव्हतो. विधवेच्या हाती डोरलं द्यायला म्हातारीचं मन घेईना. तिने ते जावेच्या गळ्यात घातलं, आणि घरी आल्यावर विहिरीवर गुपचूप परत घ्यायचं ठरलं. त्याआधीच मुलाला आईचा गळा दिसला.

धाकट्या जावेच्या गळ्यात दोन डोरली होती. "तक्रार झाल्याचं कळलं आन् मी लई भ्याले, साहेब. आता दिलं तर मलाच चोर म्हनतील. पर तुमच्या हातात न्हाई द्यायची. तिच्या गळ्यात मीच घालीन." मी तिला घेऊन म्हातारीकडे गेलो. मुलगा पंचांसकट दारात उभा होता. काकूला उंबरा ओलांडताना पाहून तो बाजूला झाला, एवढं मात्र चांगलं घडलं. त्याने तक्रार मागे घेतली. बाईंकडे जाऊन माफी मागावी, असं त्या घरात कुणाच्या मनात आलं नाही.

तोवर आरोपीचं गप्प बसणं मी कबुलीतच धरत आलो होतो. काही माणसं स्वतःचा अपमान झाकायला गप्प बसतात, हे मला नोकरीची पंधरा वर्षं झाल्यावर त्या बाईंनी शिकवलं.

पुढच्या वर्षी शिबिराच्या उद्घाटनाला क्लबने मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. दागिन्यांच्या टेबलावर अध्यक्षांच्या पत्नी बसल्या होत्या आणि बाई एका कोपऱ्यात केसपेपर लिहीत होत्या. अध्यक्ष समाधानाने म्हणाले, "यंदा तक्रारीला जागाच ठेवली नाही साहेब, टेबलावर सवाष्ण बसवली."

मला संताप आला. मी बाईंकडे गेलो आणि म्हणालो, "हे बरोबर नाही. मी बोलतो यांच्याशी."

"राहू द्या साहेब," हातातला केसपेपर पुरा करत त्या म्हणाल्या. "संक्रांतीला तुमच्या क्वार्टरवर हळदीकुंकू होतं. आमच्या शाळेतल्या सगळ्या जणींना बोलावणं आलं. मला नाही आलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी पुढच्या म्हातारीला नाव विचारलं. तेवढ्यात माइकवरून सत्कारासाठी माझं नाव पुकारलं गेलं. मी स्टेजवर गेलो, शाल घेतली, क्लबच्या कामाबद्दल दहा मिनिटं चांगलं बोललो, आणि त्या टेबलाबद्दल एक शब्दही काढला नाही.