बोटीतली कापलेली फळी

दत्तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी निपाणीत लेकीच्या घरी पायाला तेल चोळत बसलो होतो. त्याच्या पुतण्यानं बातमी सांगितली आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कुणाशी भांडताना?" पुतण्या म्हणाला, "जेवताना, काका. आमटीत मीठ न्हाय म्हणून काकूवर ओरडले, आणि तसेच कलंडले." म्हणजे माझा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

पुढच्या आठवड्यात उद्यमबागेत शोकसभा झाली. दत्तूची तिथं फाउंड्री होती, त्यामुळं कारखानदार मंडळी बरीच आली होती. एकानं त्याला अजातशत्रू म्हटलं, दुसऱ्यानं मृदू स्वभावाचा म्हटलं. ज्या कामगारांनी त्याच्या शिव्या तीस वर्षं खाल्ल्या तेही माना हलवत होते. मी मागच्या ओळीत बसलो होतो. अजातशत्रू कसला... त्याचा एक शत्रू तर तिथंच बसला होता. दत्तू तोंडाचा घाणेरडा, हट्टी आणि दुसऱ्याचं श्रेय खाणारा माणूस होता. आमची साठ वर्षांची ओळख होती आणि त्यात तो मला आवडला असे दिवस फार थोडे. हे कुणीतरी लिहायला हवं होतं. पण लिहायला बसल्यावर ध्यानात आलं की खोटं फक्त सभेत बोललं गेलं नव्हतं. दत्तूच्या बोटीबद्दल एक गोष्ट मी स्वतः गावभर सांगत फिरलो होतो, आणि तीही खरी नव्हती.

आम्ही दोघं वडगावचे, विणकरांच्या घरातले. दोघांच्याही घरी जमिनीत खड्डा खणून बसवलेले माग होते. खड्ड्याच्या काठावर एक फळी, पुढं उतरती. त्या फळीवर बसायचं, पाय खाली खड्ड्यात सोडायचे आणि दिवसभर साडी विणायची. दत्तूला त्या फळीचा भयंकर राग. मिसरूड फुटायच्या आत तो मागावरून उठला आणि फाउंड्रीत शिरला. मी लॉरी-बसच्या बॉड्या बांधणाऱ्या शेडमध्ये गेलो, सीटांचं काम शिकलो, पुढं स्वतःची शेड टाकली. एकदा बसच्या टपावरून पडलो आणि उजवा खुबा मोडला. तेव्हापासून तो पाय कमरेत नीट दुमडत नाही. खुर्चीवर बसलो की पुढं घसरत जातो. दत्तू चार लोकांत म्हणायचा, "सगळ्या जिल्ह्याला सीटा करून घातल्या यानं, आणि ह्याला सवताला एक जागा न्हाय." लोक हसायचे. मीही हसायचो, कारण न हसून सांगणार कुणाला?

साठी उलटल्यावर दत्तूनं गोव्यातून एक जुनी बोट आणली. पुढं दोन माणसं जेमतेम आडवी होतील एवढी केबिन, मागं उघड्यावर बसायची जागा आणि तिथंच चाक. ट्रकवर घालून ती हिडकलच्या धरणावर आली, तेव्हा पाण्यापेक्षा काठावर जास्त गर्दी होती. फाउंड्री लेकाच्या हातात गेली होती आणि घरी कुणी त्याचं ऐकून घेईना, म्हणून ओरडायला त्याला धरण लागलं, असं मी तेव्हा म्हणालो होतो. मालूवहिनी, म्हणजे त्याची बायको, एकदाच त्या बोटीत बसली. उतरल्यावर म्हणाली, "माझी पाठ तितंच ऱ्हायली बगा, भावजी."

खरंच वाईट बैठक होती ती. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, त्यांची झाकणं म्हणजेच सीटा. पाठीला टेकायला वीतभर उभी फळी, तीही नेमकी मणक्यात रुतणारी. फोमनं वर्षानुवर्षं पाणी पिलेलं. चाकाची जागा इतकी खाली की बसलं की केबिनच्या टपाशिवाय पुढचं काही दिसायचं नाही. दत्तू उभा राहूनच बोट हाकायचा आणि गुडघे दुखले की इंजिनाला शिव्या द्यायचा. शेवटी त्यानं मला बोलावलं. विनंती केली नाही. फोनवर एवढंच म्हणाला, "घरात बसून लेकीचं खातोस. ये हितं, काम कर जरा."

मी गेलो. का गेलो ते आजही नीट सांगता येत नाही. निपाणीहून बसनं हत्तरगीच्या फाट्यावर उतरायचं, तिथून त्याची गाडी. तो हिवाळा आम्ही भांडण्यात घालवला. बसच्या सीटा करताना आधी विटा आणि फळकुटं रचून माणूस बसवून बघायचा, अशी माझी पद्धत. मी चाकापाशी विटा रचल्या आणि दत्तूला बसवलं. टपावरून पाणी दिसेपर्यंत वीट वीट वाढवली. मग त्याचे पाय लोंबायला लागले, म्हणून खाली पाय टेकायला फळी घातली.

"अजून उंच कर," तो म्हणाला.

"लई उंच केलं तर बोट डुलतीया. पडशील पाण्यात."

"पडतो. तुला काय?"

"मला काय न्हाय. वैनी सुटंल."

"सुम बस," तो म्हणाला. आमच्याकडं गप्प बस म्हणायची ही तऱ्हा. माझ्याशी बोलताना त्याचं दर तिसरं वाक्य हेच असायचं.

तरी काम चांगलं झालं. पेट्यांची झाकणं काढून फटी ठेवून पट्ट्या मारल्या, म्हणजे फोमखालून वारा खेळावा. रेग्झिनच्या कव्हरांना खालून जाळी लावली, पाणी गळून जायला. पाठी उंच केल्या आणि किंचित मागं कलत्या ठेवल्या. चाकाच्या डाव्या अंगाला, जरा पुढं, एक जागा होती. तिथं मी माझ्या हौसेनं पलटणारी पाठ बसवली. इकडं ढकलली की पुढं बघत बसायचं, तिकडं ढकलली की मागं, हाकणाऱ्याकडं तोंड करून. दत्तू ती पाठ इकडून तिकडं आपटत म्हणाला, "ह्यो काय खेळ केलायस? माझ्याकडं तोंड करून कोण बसनार हाय रं?" मी म्हणालो, "कोनच न्हाय. पर सोय असावी." आणि मग काठावर आलेल्या प्रत्येकाला तो सांगायला लागला की बैठक त्यानं स्वतः करून घेतली, शिवानं फक्त खिळे मारले. शिवा म्हणजे मी.

पावसाळ्यानंतर त्याचा फोन आला, "ये. बसून बघ." गेलो. काठावरूनच दिसलं. पलटणाऱ्या पाठीच्या त्या जागेची बसायची फळी, मी सागवानाची घातलेली, त्यानं करवतीनं कापली होती. मागच्या कडेचा एक कोपरा तिरका उतरवून टाकला होता. वर रेग्झिन ओबडधोबड ताणून ठोकलेलं. माझ्या कामाला आयुष्यात कुणी करवत लावली नव्हती.

"कुणी केलं हे?"

"मी. बस की आदी."

"बसायचं काय त्याच्यावर? कड तर मागची कापलीस. अक्कल हाय का तुला?"

"शिवा, बस म्हनतोय न्हवं. तोंड नंतर चालव."

मी बसलो नाही. मी त्याला काय काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंही कमी केलं नाही. मी चालत फाट्यापर्यंत आलो, त्या पायानं. त्यानंतर दोनदा त्याचा फोन आला, मी उचलला नाही. आणि निपाणीच्या बसस्टँडवरच्या चहाच्या गाड्यापासून वडगावच्या देवळापर्यंत सगळीकडं मी सांगितलं की दत्तूनं जळून माझ्या कामाचा सत्यानाश केला, चांगली सीट करवतीनं कापली. लोकांना पटलं. दत्तूबद्दल वाईट काहीही पटायचं. पुढं ही गोष्ट त्याच्या कानावर गेली असणारच. त्यानं कुणालाच काही सांगितलं नाही... दत्तूनं, ज्याला गप्प बसणं कधी जमलं नव्हतं.

गेल्या पंधरवड्यात मालूवहिनीनं बोलावलं. बोट विकायची, सीटांचं काय करायचं ते बघून सांगा म्हणाली. धरण भरलेलं होतं. मी हात धरून बोटीत उतरलो आणि पाय दुखायला लागला म्हणून त्या कापलेल्या फळीवर बसलो, पुढं तोंड करून. नेहमीसारखीच कड मांडीत रुतली आणि मी घसरायला लागलो. कापलेला कोपरा मागं, काहीच कामाचा नाही. मेलेल्या माणसाला मी मोठ्यानं शिवी दिली. वहिनी काठावर उभी होती. ती म्हणाली, "तसं न्हवं, भावजी. ते उलटं बसायचे त्याच्यावर, मी हितनं काठावरनं बघायची. एक पाय काठीगत ताठ करून बसून बघायचे आन् परत उठून घासायचे. मी म्हटलं, काय खूळ लागलंय, तर माझ्यावरच खेकसले."

मी उठलो. पाठ पलटली आणि मागं तोंड करून बसलो. तिरका उतरलेला कोपरा बरोबर उजव्या मांडीखाली आला. पाय खाली गेला, न दुमडता, सरळ, वडगावच्या मागाच्या फळीवरून खड्ड्यात जायचा तसा. कुठं काही रुतलं नाही. खुबा मोडल्यापासून मी असा कशावर बसलो नव्हतो.

त्यानं तोंडानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? कुठला पाय, कुठली कड, एवढंच सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर तो दत्तू कसला. आणि मी एकदा टेकलो असतो तर... ते आता नको. ज्यांना ज्यांना मी कापलेल्या सीटची गोष्ट सांगितली त्यांनी ती खोडून टाकावी, एवढ्यासाठी हे लिहिलं. बाकी त्याच्याबद्दल जे म्हणालो त्यातला एक शब्दही मागं घेत नाही.

"मग काय करायचं म्हनता सीटांचं?" वहिनीनं विचारलं.

माझ्यासमोर चाक होतं आणि चाकामागं त्याची उंच केलेली सीट, रेग्झिनवर त्याच्या बैठकीचा खळगा तसाच. डुलेल म्हणून मी नको म्हटलं होतं, तरी त्यानं मागाहून खाली आणखी एक फळी घालून ती वाढवलीच होती. तिथून त्याला टपापलीकडचं पाणी दिसलं असेल, आणि त्याच्या अलीकडं माझी रिकामी जागा. त्या सीटकडं बघत बराच वेळ सुम बसून राहिलो.