खंड्याच्या पाठीचा निळा

शाई घोटून झाली की चाचा उजव्या अंगठ्यावर ठिपकाभर घ्यायचे, कोऱ्या कागदावर टेकवायचे आणि कागद घेऊन प्रेसच्या दारात जायचे. ट्यूबलाइटवर त्यांचा विश्वास नव्हता. उन्हात कागद तिरका करत म्हणायचे, "चार रंगांत फोटो येतो पोरी, जीव नाय येत."

तुम्ही-आम्ही बघतो ती बहुतेक रंगीत छपाई चार शायांचीच असते. आकाशी, गुलाबी, पिवळी आणि काळी. त्यांच्या बारीक ठिपक्यांतून बाकीचे रंग भासतात. पण काही रंग त्या चौघींना काही केल्या जमत नाहीत. कर्नाळ्याकडे तारेवर बसलेला खंड्या तुम्ही पाहिला असेल. तो चार रंगांत छापला की आजारी दिसतो. मग त्याच्या पाठीपुरती वेगळी कालवलेली पाचवी शाई लागते. पनवेलच्या आमच्या प्रेसमध्ये त्या पाचव्या रंगाची प्लेट मी कॉम्प्युटरवर तयार करायचे आणि शाई चाचा कालवायचे. वजनकाटा समोर असून त्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. वर विचारायचे, "काट्याला डोळे हायत काय?"

उरणकडच्या एका मासळी मसालेवाल्यांच्या खोक्यावर चोचीत मासा धरलेला खंड्या होता. खोकी न्हावा शेव्याहून आखातात जायची, आणि चाचांचे निम्मे नातेवाईकही तिकडेच. "माझा खंड्या माझ्या आधी दुबईला पोचला," हे त्यांनी प्रेसमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं होतं.

दर चार महिन्यांनी ते काम यायचं. मसालेवाल्यांनी सही केलेला पहिला नमुना चाचा बघायचेच नाहीत. तो विटला असणार, असं त्यांचं म्हणणं. मागच्या खेपेचा सगळ्यात चांगला कागद खाकी पाकिटात जपून ठेवायचे आणि पुढची शाई त्याच्याशी जुळवायचे. घात तिथेच होता. एका खेपेला निळा केसभर गडद व्हायचा, आणि पुढच्या खेपेला तोच गडद निळा नमुना म्हणून समोर यायचा.

मला ते पाचव्या खेपेला कळलं. चाचा दारात जरा जास्त वेळ उभे राहू लागले होते. चहात तीन चमचे साखर आणि सारखं सारखं पाणी, हेही मी बघत होते. एकदा त्यांनी निळ्याऐवजी काळ्या शाईचा डबा उघडून शाई काढायचं पातं आत घातलं, मग "डबे सारखेच हायत" म्हणून हसले. मीही हसले. निळ्याचा डबा त्यांच्यासमोर सरकवला.

ज्यांनी माझ्या जन्माआधीपासून शाई कालवली, त्यांना मी काय सांगणार, तुमचे डोळे बिघडलेत? मालकांना कळलं तर चाचांना घरी बसवतील, अशी मी माझीच समजूत घातली. खरं सांगायचं तर मी भित्री आहे. मी प्लेटवरचे ठिपके बारीक करून त्यांचा निळा गुपचूप फिका करू लागले. ते शाई वाढवत गेले, मी ठिपके कमी करत गेले. वर्षभर कोणाला काही दिसलं नाही.

शेवटी माझे ठिपकेही पुरे पडेनात. एका दुपारी मसालेवाले खोकं घेऊन आले. "ताय, हा खंड्या हाय का कावला?"

प्रत्येक खेपेचा एक कागद माझ्या कपाटात असायचा. ते आठही कागद मी दारात, भर उन्हात ओळीने मांडले. पहिल्यावरचा खंड्या आत्ता उडेल असा होता, शेवटचा जवळजवळ काळा. चाचा वाकले आणि एकेका पाठीवरून अंगठा फिरवत टोकापर्यंत गेले.

"सगळे सारखेच हायत ना?"

कोणी बोललं नाही. मग त्यांनी मला विचारलं, "कुठून बिघडला?"

"पाचव्यापासून, चाचा."

"म्हणजे तुला दिसत होतं."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

साखरेने डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. वर्षभर आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. चाचांच्या लेकीने मला हे साध्या आवाजात सांगितलं. मी कुठलं वर्ष आठवत होते, ते तिला ठाऊक नव्हतं.

आता पाचवी शाई रंगाचा नंबर सांगितला की कंपनीतून तयार येते. गेल्या आठवड्यात खंड्याचं काम मशीनवर चढलं, तेव्हा पहिला कागद दुमडून त्याचं खोकं केलं आणि मोहल्ल्यात चाचांकडे घेऊन गेले. ते लेकीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी खोकं हातात घेतलं, अंगठा फिरवला आणि उजेडाकडे तिरकं धरलं. खंड्या माझ्या बाजूला होता. त्यांच्यासमोर खोक्याची मागची, मजकुराची बाजू होती.

"कसा आलाय?"

छान म्हणावंसं वाटलं. जीभ उचललीही होती.

"थोडा गडद वाटतो, चाचा."

"मग इथं काय बसलीस?" त्यांनी खोकं माझ्या हातात कोंबलं. "जा, आधी मशीन थांबव."