फौजीकाकांचे वीस टक्के

फौजीकाकांचा पाय कागदोपत्री वीस टक्के निकामी होता. बाकीचे ऐंशी टक्के काय दिवे लावत होते, ते काकूंनाच ठाऊक. नोकरीत असताना ट्रक उलटला, तेव्हापासून कंबर आणि डावा पाय दोन्ही रुसलेले. आता तर पलंगावरून उठायलाही काकूंचा आधार लागायचा आणि काकूंची मनगटंही कुरकुरू लागली होती. टक्के वाढले तर सरकारकडून मदतनीस मिळणार होता. नाहीतर एक दिवस दोघंही बाथरूममध्ये पडणार, हे काकूंना स्वच्छ दिसत होतं.

गेल्या खेपेला माशी शिंकली ती काकांच्याच शिस्तीमुळे. मेडिकल बोर्डापुढे जायचं म्हणून कडक इस्त्रीचा शर्ट, लखलखते बूट आणि काठी दाराबाहेर! डॉक्टरांनी विचारलं, "काही त्रास?" काकांनी छाती काढून सांगितलं, "काही नाही, सर! फर्स्ट क्लास!" डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी तेच लिहून घेतलं. साहेबापुढे रडगाणं गायचं नाही, हे काकांच्या हाडीमांसी खिळलेलं. आणि गाऱ्हाणं नेमकं त्या हाडांचंच होतं.

या खेपेला टॅक्सीत काकू म्हणाल्या, "अहो, आज तक्रार करूच नका."

काका चमकले. "मग?"

"तुकडीतला पोरगा जखमी झाला, तर वर काय कळवायचात?"

"खरं ते. खोटा रिपोर्ट दिला तर पोरगा जिवानिशी जाईल."

"मग आज या पायाचा रिपोर्ट द्या."

आत गेल्यावर काका पुन्हा ताठ. बुटांकडे पाहून डॉक्टरीणबाई हसल्या, "काका, तब्येत झकास दिसतेय!"

"रिपोर्ट, मॅडम," काका म्हणाले. "डावा पाय, गुडघ्याखाली बधिर. जिना चढता येत नाही. आधाराशिवाय उठता येत नाही." आवाज अडखळला, पण रिपोर्ट अर्धा सोडायची सवय नव्हती. "बुटांना पॉलिश मी करतो. पायात ही चढवते. हिची मनगटं गेलीत. मी डोळे मिटले की गुपचूप शेकत बसते. हिला वाटतं, मला कळत नाही."

काकूंनी तोंडाला पदर लावला.

टक्के वाढून साठ झाले. मदतनीस पहिल्याच दिवशी वेळेवर हजर झाला आणि काकांच्या पायाशी बसला. काकांनी पाय मागे घेतला.

"माझं नंतर," ते म्हणाले. "आधी हिच्या मनगटांना पट्टी बांध."