चावडीत अडकलेला डफ

गेल्या मंगळवारी भर दुपारी, रनाळ्याच्या बाजारात, फौजदाराने एका म्हाताऱ्या शाहिराचा डफ जप्त केला. गुन्हा काय? त्याने गाणं रचलं: "फौजदारना घोडा, मन्ही जवारी खाई गया!"

पुरावा म्हणून ते लिहून घ्यायला चावडीच्या ओट्यावर शिपाई बसला. तो घाटावरचा, त्याला अहिराणी कळेना. एक हात कानाशी धरून म्हाताऱ्याने एकेक ओळ दहादा गायली. तेवढ्यात अख्ख्या बाजाराला गाणं पाठ झालं!

म्हातारा हसला, "साहेब, डफ तुम्हनाजोडे ऱ्हाऊ द्या, गानं ते आते लोकेसजोडे शे." डफ चावडीत राहिला, तरी गाणं आता लोकांकडे होतं.

पण त्याची बोटं गुडघ्यावरच ठेका धरत होती. डफावाचून त्याला लग्नाला कोण बोलावणार? वाचकहो, डफ सुटेपर्यंत रोज चावडीसमोर जा आणि घोड्याचं गाणं म्हणा!